राणी मुंगी घरी नेल्यानंतरचे पहिले दोन महिने
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे)

पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडून राणी नेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आठवड्याभरात फोन येतो. प्रश्न दोनच असतात. ‘राणी हलत नाहीये, गेली का?’ आणि ‘काल अंडी होती, आज दिसत नाहीत.’ थोडं खोदून विचारलं की कळतं, राणी ठेवलेली काचेची ट्यूब रोज दोन-तीनदा उचलून बघितली जातेय. दरवर्षी हेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

वसाहत राणीपासूनच सुरू होते, अंगणातल्या कामकरी मुंग्या गोळा करून होत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे.

ट्यूबमध्ये काय चाललेलं असतं

नवख्यांना आम्ही मुंगळ्याचीच राणी देतो (शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस). ही जात इथलीच, अंगाने मोठी, डोळ्यांना सहज दिसणारी. तिला नांगी नसते, पण चावते मात्र कडकडून. पहिल्या सरींनंतर पंखवाल्या राण्या आणि नर बाहेर पडतात. मिलन झालं की राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते, छोटं बीळ करते आणि त्याचं तोंड आतून बंद करून घेते. पहिल्या कामकरी मुंग्या तयार होईपर्यंत ती बाहेर येत नाही आणि काही खातही नाही. पंख चालवणारे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात. ते आणि अंगातली चरबी शरीरातच विरघळवून त्यावर ती स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते.

आमची टेस्ट ट्यूब म्हणजे तेच बंद बीळ. मागच्या कापसाआड पाणी आहे, त्याने ओलावा टिकतो. पुढच्या कापसातून हवा येते. यात भर घालण्यासारखं काही नाही. ‘उपाशी कशी ठेवायची’ म्हणून मधाचा थेंब सोडणारे बरेच आहेत. त्यामागची माया आम्हाला समजते, पण पावसाळी हवेत त्या थेंबावर दोन दिवसांत बुरशी धरते, आणि राणीचे पाय चिकटले तर ती गेलीच.

अंडं, अळी, कोष आणि मग मुंगी, या प्रवासाला ठाण्याच्या हवेत साधारण दीड ते दोन महिने लागतात. मुंगळ्याचा कोष फिकट बदामी, तांदळाच्या फुगलेल्या दाण्याएवढा दिसतो. त्यातून निघालेल्या पहिल्या मुंग्या अगदीच चिमुकल्या असतात. राणीने अंगातल्या शिदोरीवर वाढवलेल्या असल्यामुळे तशा असतात. पुढच्या खेपेच्या मुंग्या अंगाने भरतात.

अंडी कुठे जातात

ट्यूब उचलली की आत एकदम उजेड पडतो आणि हादरा बसतो. राणीच्या लेखी कोणीतरी बीळ उकरलेलं असतं. ती अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून इकडून तिकडे धावते. हे तुम्ही बघितलं असेल. रोज असं झालं की ती अंडी खाऊन टाकते. तो आजार नाही आणि राणी खराबही नाही. इथे पिल्लं वाढणार नाहीत असं वाटलं की अंड्यांत गुंतलेली प्रथिनं ती परत पोटात घेते. नंतर ती पुन्हा अंडी घालते, पण साठा तोच असतो आणि प्रत्येक खेपेला कमी होत जातो. दोन-तीनदा असं झालं तर पहिल्या अळ्या मोठ्या करण्याइतकं तिच्या अंगात उरत नाही. मग ऑगस्ट उजाडतो, राणी जिवंत असते, ट्यूब रिकामी असते आणि तुमचा अख्खा हंगाम गेलेला असतो.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदाच बघा. ट्यूब जागची हलवू नका, वरची कागदी नळी हळूच मागे सरकवा, मिनिटभर बघा आणि परत झाका. लाल रंग बहुतेक मुंग्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावलात तर फार उत्तम. घरात मुलं असतील तर पुढची तारीख कॅलेंडरवर त्यांनाच लिहायला सांगा, ती मोठ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात.

राणी तासन्‌तास एका जागी बसलेली असणं चांगलं लक्षण आहे. कापूस पिवळट झाला तरी घाबरू नका. काळे डाग पडले आणि ते अंड्यांना टेकलेले नसले, तर तेही तसेच राहू द्या. त्या वेळी ट्यूब बदलण्याने जास्त नुकसान होतं.

ट्यूब कुठे ठेवायची

फ्रिजवर नको, कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की हादरे बसतात. मिक्सरच्या ओट्यावर नको. खिडकीत तर नकोच, बंद काचेच्या नळीत ऊन शिरलं की थोड्या वेळात आतलं सगळं भाजून निघतं. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत वाढ रेंगाळते. घर रेल्वेलाईनला लागून असेल तर ट्यूबखाली स्पंजचा तुकडा ठेवा.

कपाटातला ड्रॉवर जागा म्हणून उत्तम, पण आधी डांबरगोळ्या आहेत का ते बघा. अंधार हवा म्हणून ट्यूब कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि मागे कोपऱ्यात आईने टाकलेल्या डांबरगोळ्या राहून गेल्या, असं होतं. मुंग्यांनाही तो वास जीवघेणाच. मच्छरची कॉइल, फवारे आणि कीटकनाशक खडूही त्या खोलीत नकोत.

राणीबरोबरच नेस्ट (मुंग्यांचं तयार घर) का देत नाही

यावरून काही जण आमच्यावर नाराज होतात. लांबून, घोडबंदर रोडवरून किंवा वाशीहून आलेल्यांना परत एक फेरी पडते, हे आम्हाला मान्य आहे. तरीही वीस-पंचवीस कामकरी मुंग्या झाल्याशिवाय आम्ही नेस्ट विकत नाही. मोठ्या नेस्टमध्ये एकटी राणी एका कोपऱ्यात बसून राहते, बाकीच्या दालनांत बुरशी वाढते, ओलावा कुठे हवा आणि कुठे नको याचा मेळ बसत नाही. साधी ट्यूब या काळात महागड्या नेस्टपेक्षा चांगली.

निळ्या जेलचे अँट फार्मही (मुंग्या पोखरताना बघायचे पारदर्शक डबे) आम्ही ठेवत नाही. अमेरिकेत 1956 साली अँट फार्मचं खेळणं बाजारात आलं, त्यात फक्त कामकरी मुंग्या दिल्या जायच्या. जेलवालेही बहुतेक तसेच वापरले जातात. राणी नसल्यामुळे नवी पिढी येत नाही आणि काही महिन्यांत सगळं संपतं. मुंगळ्याची राणी नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं साथ देते. युरोपातल्या लेसियस नायजर जातीची एक राणी तर पाळलेल्या अवस्थेत 28 वर्षांहून अधिक जगली.

मुंग्या पुरेशा झाल्या की ट्यूबचा फोटो पाठवा. आमची नेस्ट प्लास्टरची असते, वर ॲक्रिलिकचं झाकण, पाणी सोडायला वेगळा कप्पा, आणि जोडीला स्टीलची जाळी बसवलेला, मुंग्यांना फिरायचा डबा. नेस्ट डब्यासकट मिळते, नळी आणि जोड त्यातच आले. ट्यूब डब्यात उघडी ठेवा आणि नेस्ट झाकून अंधारी करा, मुंग्या आपणहून शिफ्ट होतात. ठोकून, झटकून बाहेर काढू नका. डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि सर्जिकल स्पिरिटचा पातळ लेप द्या, म्हणजे चढता येत नाही. पावसाळ्यात तो दमट होऊन निकामी होतो, तेव्हा पुन्हा द्यावा लागतो.

खायला साखरपाण्याचा किंवा मधाचा थेंब छोट्या झाकणात, आणि प्रथिनांसाठी मारलेला रातकिडा किंवा मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) तुकडे करून. उकडलेल्या अंड्याचा कणभर बलकही चालतो. घरात मारलेलं झुरळ देऊ नका, त्याच्या पोटात औषध असू शकतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा.

स्वतः राणी शोधणार असाल तर

जरूर शोधा. पहिल्या पावसानंतर सोसायटीच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली किंवा कंपाउंडच्या भिंतीशी संध्याकाळी बघा. लोक आणतात त्यातले बरेचसे मोठ्या डोक्याचे सैनिक मुंगळे निघतात. राणीची छाती रुंद आणि फुगीर असते आणि पंख गळाल्याच्या खुणा दोन्ही बाजूंना दिसतात. सैनिकाचं डोकं मोठं पण छाती अरुंद. शंका असेल तर फोटो पाठवा, ओळखून देण्याचे पैसे घेत नाही. रिकामी ट्यूब मात्र आमच्याकडून न्या, कापूस किती घट्ट बसवायचा ते हातात घेऊन दाखवतो.

येऊरच्या जंगलातून काही आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून परवानगीशिवाय जीव उचलणं गुन्हा आहे. परदेशी जाती मागवून द्यायलाही आम्ही नाही म्हणतो. 2025 मध्ये केनियात हजारो राण्या देशाबाहेर नेण्याच्या तयारीत सापडलेल्या चौघांना न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. शिवाय बाहेरची जात इथे सुटली तर इथल्या मुंग्यांचं काय होईल, हाही विचार आहेच.

दोन महिने ट्यूब न हलवता ठेवूनही राणीने अंडी घातली नाहीत, तर ट्यूब घेऊन या. हंगामात राण्या शिल्लक असेपर्यंत एकदा बदलून देतो. आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोलची तारीख लागली की ट्यूब किंवा नेस्ट आदल्या दिवशीच दुसऱ्या घरी हलवा. जवळ कोणी नसेल तर चार-पाच दिवस आमच्याकडे ठेवा, त्याचे पैसे घेत नाही.