कोयनेची बोअर आणि गोकाकचा खडक

11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्याकडची सत्तरीपुढची माणसं अजून सांगतात. निपाणी, चिकोडी, बेळगाव, सगळीकडे माणसं अंथरुणातून उठून अंगणात आली होती. भूकंपाचं केंद्र कोयनानगरजवळ, तीव्रता 6.3. तिकडे पावणेदोनशेच्या वर जीव गेले.

दख्खनची भूमी घट्ट, इथे मोठा धरणीकंप होत नाही, असा तोवरचा समज होता. पण 1962 च्या सुमारास कोयनेच्या जलाशयात पाणी साठू लागलं आणि छोटे धक्के वाढले. पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. ताण मुळातला असतो. पाणी फक्त निमित्त ठरतं. धक्के आजही बसतात, तेही साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात आणि फार खोल नाही. भूकंप जिथे जन्मतो तिथे उपकरण नेऊन ठेवायला याहून सोयीची जागा जगात क्वचितच सापडेल.

पृथ्वीचं पोट आपण बहुतेक कान लावूनच ओळखलंय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला आणि पुढे 1906 मध्ये भूकंपलहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. प्रत्यक्ष खोदकाम तोकडंच. रशियातल्या कोला इथली बोअर 1970 मध्ये सुरू झाली, 12,262 मीटरवर थांबली आणि तरीही कवचातच राहिली.

कोयनेत आधी दीडेक किलोमीटर खोलीच्या बोअर मारल्या. मग 2016-17 मध्ये गोठणे गावी 3 किलोमीटरची बोअर झाली. कराडची प्रयोगशाळा हेच काम पाहते. सगळ्यांना उत्सुकता होती ती दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, काय लागतं याची. आपल्या सीमाभागात तो पाषाण संपत येतो आणि त्याच्या खालचा जुना वालुकाश्म उघडा पडतो. गोकाकचा धबधबा त्याच कड्यावरून 52 मीटर कोसळतो. कोयनेखालीही असाच थर असेल का? नव्हता. गोठण्यात सुमारे 1,250 मीटर पाषाण भेदल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला, मध्ये वालुकाश्माचा थर नाहीच. म्हणजे जलाशयाचं पाणी पाषाणातून उतरलं, की सरळ या जुन्या खडकाच्या भेगांत जातं, आणि कोयनेचे बहुतेक धक्के याच खडकात उगम पावतात.