साथीचे बळी मोजतात कसे?

मे 2021. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात ताप-खोकल्यानं माणूस घरीच दगावला आणि चाचणी झालेली नसेल, तर सरकारी कोरोनाबळींत तो सहसा आलाच नाही. ग्रामसेवकाकडं नोंद झाली असेल, तर देशाच्या एकूण मृत्यूंत मात्र तो आहे.

दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरतात. पहिल्या भागात ओळी एकाखाली एक: श्वसन निकामी, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड-19. मधुमेह असेल तर तो दुसऱ्या भागात. मूळ कारण म्हणून साधारणपणे पहिल्या भागातली शेवटची ओळ धरतात. घाईत नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिलं, तर कागद वाया. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. 2020 मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांना असं वैद्यकीय कारण होतं.

नियमही देशागणिक वेगळे. बेल्जियमनं वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूही धरले. इंग्लंडनं ऑगस्ट 2020 मध्ये चाचणीत बाधित ठरल्यावर 28 दिवसांत झालेलेच मृत्यू धरायची मर्यादा घातली आणि ब्रिटनचा आकडा पाच हजारांहून जास्त उतरला.

म्हणून कारण बाजूला ठेवून जादा मृत्यू काढतात. समजा, तालुक्यात मे महिन्यात पाच वर्षांची सरासरी 80 आणि यंदा 140, तर जादा 60, म्हणजे 75 टक्के.

पण ही वजाबाकी नोंदवहीइतकीच खरी. मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो. सातबाऱ्यावर नाव असलं की वारस फेरफारासाठी दाखला लागतोच, त्यामुळं तेरवी आटोपताच घरचे ग्रामपंचायतीत जातात. नावावर काहीच नसलेली म्हातारी किंवा तान्हं बाळ राहून जातं. शिवाय नोंद होते मृत्यू झाला तिथं. यवतमाळकडचा रुग्ण नागपूरच्या दवाखान्यात दगावला, तर तो नागपूर महापालिकेच्या वहीत. 'आमच्या गावात कोणी गेलं नाही' हे गावची वही बघून कोणी सांगू नये.

देशात 2020 मध्ये सुमारे 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. यातली थोडी वाढ नोंदणी सुधारल्याचीही असू शकते, आणि वादाची एक जागा तीच. दोन्ही वर्षं मिळून जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा अंदाज 47 लाख जादा मृत्यूंचा, सरकारी कोरोनाबळी 4.8 लाख. केंद्रानं हे गणित अमान्य केलं.

तुलनेत वयही बघावं लागतं. इटलीत शंभरातले 23 जण पासष्टीपुढचे, भारतात सात. म्हणून वयोगटवार मृत्युदर काढून ते एकाच प्रमाण (ठरावीक वयरचना धरलेल्या) लोकसंख्येला लावतात, मगच दोन देशांचे आकडे शेजारी मांडतात.