सॉनातील वाफ आणि दवबिंदू

घरगुती सॉनाच्या (दगड रचलेल्या हीटरने तापवलेल्या, घाम काढण्याच्या खोलीच्या) जाहिरातीत हीटर किती अंशांपर्यंत तापतो हे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की खोलीचे तापमान चढते, असा समजही सर्रास आढळतो. भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिल्यास हा समज टिकत नाही. पाण्याची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता दगडांकडून घेतली जाते, त्यामुळे दगड थोडे निवतात आणि तापमापकातील आकडा फारसा हलत नाही. तरीही पुढच्या काही सेकंदांत पाठीला आणि कानांच्या पाळ्यांना चटका जाणवतो, तो कशामुळे?

त्याआधी, ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या खोलीत माणूस मुळात बसू कसा शकतो हे पाहायला हवे. तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात बोट बुडवले तर ते लगेच भाजते. हवेची उष्णतावाहकता मात्र पाण्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढीच असते, आणि लीटरभर हवेत साठणारी उष्णता लीटरभर पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी असते. शिवाय घाम असतोच. इंग्रज वैद्य चार्ल्स ब्लॅगडेन यांनी १७७४ साली लंडनमध्ये काही सहकाऱ्यांसह सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत स्वतःवरच प्रयोग केले. त्या खोलीत ठेवलेली अंडी कडक झाली, मांसाचा तुकडा भाजून निघाला, भात्याने वारा घातला तेव्हा तो आणखी लवकर भाजला. माणसे मात्र धडधाकट बाहेर आली.

त्वचेवरून एक ग्रॅम घाम वाळतो तेव्हा तो शरीराची सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हा शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा. पण घाम वाळायचा असेल, तर हवेतील बाष्पदाब (वाफेचा दाब) हा त्वचेच्या तापमानाला संपृक्त, म्हणजे आणखी वाफ न मावणाऱ्या, हवेत जेवढा असतो त्याहून कमी असावा लागतो. सॉनात त्वचेचे तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचते आणि त्या तापमानाला संपृक्त बाष्पदाब सुमारे ७.४ किलोपास्कल असतो. आता १० घनमीटरची, ८० अंशांची खोली घ्या. बाहेरून आलेल्या हवेचा बाष्पदाब दीड किलोपास्कल धरू. दगडांवर टाकलेल्या २०० मिलिलीटरच्या एका ओगराळ्यातील सगळ्या पाण्याची वाफ झाली, तर त्यात सुमारे ३.३ किलोपास्कलची भर पडते. बेरीज पाचाच्या आतच राहते आणि घाम वाळत राहतो. पाठोपाठ दुसरे ओगराळे टाकले की बेरीज आठाच्या पुढे जाते, म्हणजे हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो) त्वचेच्या तापमानाच्या वर चढतो. थंड पेल्याच्या बाहेर पाणी जमावे तशी वाफ आता त्वचेवरच जमू लागते, आणि तेच २.४ किलोज्यूल प्रति ग्रॅम उलट दिशेने शरीरात शिरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा) तेव्हा जेमतेम १७ टक्के असते, म्हणजे आर्द्रतामापकाच्या भाषेत हवा कोरडीच! वाफ सोडल्यानंतर दंडावर एकाएकी उमटणारे थेंब सगळे घामाचे नसतात; त्यांतले काही हवेतून आलेले असतात.

ही गोष्ट किती गंभीर असू शकते, हे फिनलंडमधील हेइनोला येथे २०१० साली दिसले. तेथील सॉना स्पर्धेच्या अंतिम फेरीत तापमान ११० अंश होते आणि दर ३० सेकंदांनी अर्धा लीटर पाणी दगडांवर पडत होते. एक स्पर्धक दगावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली.

घामावाटे शरीरातील 'विषारी द्रव्ये' निघून जातात, हा दावा मात्र निखालस प्रचारकी आहे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंडे लावतात. सॉनानंतर घटलेले वजनही पाण्याचेच असते आणि ते पाणी प्यायल्यावर परत येते.

घरच्या सॉनाची निगा राखतानाही याच वाफेचा विचार करावा लागतो. दगड ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट यांसारखे, एकाएकी निवण्याचा धक्का सोसणारे असावेत. नदीकाठचे गोटे आतल्या ओलाव्यामुळे तडकतात. चांगले दगडही हळूहळू झिजून चुरा होतात आणि तो चुरा हवेच्या वाटा बुजवतो, म्हणून वर्षातून एकदा सगळे दगड काढून, फुटके वगळून, पुन्हा सैलसर रचणे इष्ट. ते गच्च बसले तर हीटरची तापतार जळते. खारे पाणी हीटर गंजवते, तर जड (दुष्फेन) पाण्याचा क्षार दगडांवर पांढरा थर धरतो. बाकांना व्हार्निश लावू नये. लाकडाची उष्णतावाहकता कमी असल्यामुळेच तर त्यावर उघड्या अंगाने बसता येते. त्याच बाकातील वर आलेला खिळा मात्र चांगलाच भाजतो. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर झरोके उघडे ठेवून हीटर आणखी थोडा वेळ चालू ठेवावा, कारण खोली निवू लागली की उरलेली वाफ बाकांच्या खालच्या बाजूला जमते आणि बुरशी प्रथम तिथेच धरते.