पत्राखालची मर्यादा मुद्रा आणि एचमॅक

शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी एक छोटी मुद्रा असते: ‘मर्यादेयं विराजते’. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असं ती सांगते. निरोप वाटेत बदलला नाही याची खात्री देणाऱ्या, वेबसाइटवरच्या एचमॅक या खुणेबद्दल कुणी विचारलं की मला आधी ही मुद्रा आठवते.

समजा, पापाच्या तिकटीजवळचा एक दुकानदार कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकानं १५० रुपये इसार भरला. पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या सेवेचा, म्हणजे पेमेंट गेटवेचा, निरोप गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमधून दुकानाच्या सर्व्हरकडे येतो: ‘ऑर्डर=४१२&रक्कम=१५०’. वाटेत तो कुणी बदलला नाही, हे कसं ओळखायचं?

एसएचए-२५६ हे हॅश फंक्शन कितीही मोठ्या मजकुराचा २५६ बिटांचा ठसा, म्हणजे हॅश, काढतं. एक काना बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. पण असा ठसा कुणीही काढू शकतो. म्हणून गेटवे आणि दुकान, दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली त्यात मिसळावी लागते. किल्ली निरोपाच्या आधी चिकटवून हॅश काढावा, हे पटकन सुचतं. घात होतो तो इथेच.

एसएचए-२५६ मजकूर ६४-६४ बाइटांच्या घासांनी खातं. प्रत्येक घासाला त्याची आतली स्थिती बदलते आणि शेवटची स्थिती म्हणजेच हॅश. त्यामुळे ज्याच्या हाती हॅश आला, त्याला तिथून पुढे घास भरवता येतात. किल्ली माहीत नसली तरी चालतं, तिच्या लांबीचा अंदाज पुरतो. निरोपाच्या शेपटीला त्यानं ‘&रक्कम=१५००’ जोडलं की नवा ठसाही अचूक जुळतो. मधे घास पुरा करायला घातलेले भरतीचे काही बाइट येतात, पण दुकानाची वेबसाइट पीएचपी या भाषेत लिहिलेली असेल, तर ती एकाच नावाच्या दोन किमतींपैकी शेवटचीच धरते. इसारात चपला घरपोच! २००९ मध्ये थाई दुओंग आणि ज्युलियानो रिझो यांनी फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटच्या सहीपद्धतीत (निरोपासोबतचा असा ठसा म्हणजेच सही) नेमकी हीच फट दाखवून दिली होती.

मिहिर बेलारे, रान कानेटी आणि ह्यूगो क्रावचिक यांनी १९९६ मध्ये मांडलेला एचमॅक हॅश दोनदा काढतो. आधी एका ठरावीक आकड्याशी मिसळलेली किल्ली आणि निरोप यांचा. मग दुसऱ्या आकड्याशी मिसळलेली तीच किल्ली आणि आधीचा हॅश यांचा. आतला हॅश बाहेर कधी दिसतच नाही, म्हणून शेपूट जोडायला जागा उरत नाही. दुसरा फेरा म्हणजे मर्यादा मुद्राच. मला ही रचना फार देखणी वाटते.

पीएचपीत यासाठी ‘हॅश_एचमॅक’ हे फंक्शन तयार आहे. तरी एकदा माझ्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. आलेला जेसन (माहिती पाठवायची एक ठरावीक मांडणी) मजकूर मी उलगडून पुन्हा बांधत होतो. त्यात प्रत्येक तिरक्या रेघेआधी पीएचपी एक उलटी रेघ घालत होती आणि सही जुळत नव्हती. आलेले बाइट जसेच्या तसे हॅशला दिले, तुलनेसाठी साध्या बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘हॅश_इक्वल्स’ वापरलं (कितवं अक्षर चुकलं हे लागलेल्या वेळेवरून फुटू नये म्हणून), आणि पहिल्याच निरोपाला सही जुळली.