ऐंशी किलोमीटर खोलीवरचं पाणी

बोअर मारायच्या आधी शेतात होणारा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे तुम्ही पाहिला असेल. चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. कोरडा कातळ करंट अडवतो, पाण्याने भरलेली भेग त्याला वाट देते. पाणाड्याच्या नारळापेक्षा हे कधीही बरं. पण खोल बघायचं तर सळया तितक्याच लांब न्याव्या लागतात, करंटही वाढवावा लागतो.

मग ऐंशी किलोमीटर खाली बघायला बॅटरी आणायची कुठून? ती आयतीच मिळते. जगात कुठे ना कुठे विजा कडाडत असतात आणि सौरवारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सतत हेलकावे देत असतो. त्यामुळे जमिनीत आपोआप करंट उमटतात. ते मोजून खालच्या खडकाचा अंदाज बांधता येईल हे सोव्हिएत रशियातल्या तिखोनोव यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्सच्या कान्यार यांनी १९५३ मध्ये मांडलं. या पद्धतीचं नाव मॅग्नेटोटेल्युरिक्स.

हेलकावा जितका संथ, तितका तो खोल मुरतो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या (रोधकता म्हणजे खडक करंट किती अडवतो त्याचं माप) खडकात १ सेकंदाचा हेलकावा साधारण ५ किलोमीटर उतरतो, १०० सेकंदांचा ५० किलोमीटर. दहापट खोल जायला शंभरपट संथ हेलकावा हवा, म्हणून यंत्रं एकाच जागी कित्येक दिवस सोडून यावी लागतात.

यंत्रं म्हणजे जमिनीत पुरलेली इलेक्ट्रोडची भांडी, त्यांच्यामधल्या पन्नास-शंभर मीटरच्या वायरी आणि हातभराहून लांब, पाइपसारख्या कॉइल. कॉइल चर खणून पुरतात. उघडी ठेवली आणि वाऱ्याने जराशी जरी थरथरली, तरी ती थरथरच सिग्नल म्हणून नोंदली जाते. वायरींवरही मातीचे ढिगारे टाकतात. विजेवरची रेल्वे, हायटेन्शन लाइन आणि कुंपणाचं झटका मशीन हे या कामाचे शत्रू.

एवढं करून कळतं काय? खाली कुठेतरी करंट सहज वाहतो, एवढंच. तिथे खारं पाणी असेल, वितळलेला खडक असेल किंवा ग्रॅफाइट. जर्मनीत बव्हेरियामध्ये १९९४ पर्यंत ९,१०१ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा खारं पाणी तर सापडलंच, पण खडक घसरलेल्या पृष्ठांवर ग्रॅफाइटची पुटंही निघाली. नुसता करंट बघून सगळ्याचं श्रेय पाण्याला दिलं असतं तर फसगत झाली असती.

म्हणून भूकंपलहरींची साक्ष जोडीला घेतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियर ज्वालामुखीखाली असंच केलं. तिथे समुद्रतळाची प्लेट खंडाखाली घुसते आणि खनिजांत बांधलेलं पाणीही सोबत नेते. दाब-तापमान वाढलं की ती खनिजं मोडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रात हे पाणी सुमारे ८० किलोमीटर खोलीवर प्लेटमधून सुटताना दिसतं आणि तिथून वितळलेल्या खडकाची वाट वर ज्वालामुखीच्या दिशेने येते. पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू उतरतो, त्यामुळे नाहीतर घट्ट राहिला असता तो खडकही वितळू लागतो.

आणखी एक पाणी असतं, ज्याला पाणी म्हणावं का हाच प्रश्न आहे. ते खोलवरच्या खडकातल्या ऑलिव्हिन या खनिजाच्या स्फटिकात वजनाच्या लाखात काही भाग एवढं, हायड्रोजनच्या रूपात अडकलेलं असतं. ना थेंब, ना ओल. भूभौतिकशास्त्रज्ञ शुनिचिरो कारातो यांनी १९९० मध्ये सुचवलं की हा हायड्रोजनही करंट वाहून नेत असावा. किती, हे ठरवायला ऑलिव्हिनचे बारीक तुकडे प्रचंड दाबाखाली तापवून मोजावे लागतात. २००६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात असे दोन निबंध पाठोपाठ छापून आले. कारातो यांच्या गटाचं म्हणणं, खोलवर करंट जितका सहज वाहताना दिसतो त्याला एवढा हायड्रोजन पुरेसा आहे. जपानच्या योशिनो यांच्या गटाचं म्हणणं, अजिबात पुरत नाही. त्यामुळे खोलवरच्या एकाच नकाशावरून पाण्याचा आकडा काढायचा तर आधी विचारावं लागतं, ऑलिव्हिन कुणाचं धरायचं?