मुंबई लोकलचा प्रवास

मुंबई आणि तिच्या उपनगरांना जोडणाऱ्या रेल्वेगाड्यांना ‘लोकल’ म्हणतात. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर सुटली. आज पश्चिम मार्ग चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत, मध्य मार्ग कसारा आणि कर्जत-खोपोलीपर्यंत, तर हार्बर मार्ग पनवेलपर्यंत जातो.

ऐन गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांवर माणसे असतात. उभ्या प्रवाशांची दाटी चौरस मीटरला १४ ते १६ जणांपर्यंत जाते. एवढी माणसे रोज चढतात-उतरतात ती मुख्यतः त्यांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमांच्या बळावर.

तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा देणे हा त्यातला पहिला नियम. ही ‘चौथी सीट’ म्हणजे बाकाच्या कडेवर कसेबसे टेकणे, एक पाय मोकळ्या वाटेत. खिडकीतला उठला की सगळे एकेक जागा आत सरकतात आणि चौथा खऱ्या अर्थाने बसतो. दोन बाकांच्या मध्ये उभा राहणारा आधी विचारतो, “कुठे उतरणार?” “ठाणे” असे उत्तर मिळाले की ती जागा ठाण्यापासून त्याची, आणि नंतर आलेला सहसा तिच्यावर हक्क सांगत नाही. महिलांच्या डब्यात ही पद्धत विशेष काटेकोरपणे पाळली जाते. गाडी जिथून सुटते त्या स्थानकाच्या अलीकडे राहणारे काहीजण आधी उलट दिशेने त्या स्थानकापर्यंत जातात, म्हणजे ‘रिटर्न’ करतात, आणि त्याच गाडीत जागा धरून बसतात; त्यावरून वादही होतात.

उतरण्याची तयारी एक-दोन स्थानके आधी सुरू होते. फलाट कोणत्या बाजूला येणार हे ठाऊक असावे लागते. पुढच्याला “दादर?” एवढेच विचारायचे, तो उतरणार नसेल तर अंग चोरून वाट देतो. गाडी अर्धा मिनिटच थांबते. विरार फास्टमध्ये, म्हणजे विरारला जाणाऱ्या जलद गाडीत, वाटेतल्या बोरिवलीला उतरणाऱ्याला मात्र दारातली माणसे सहजी वाट देत नाहीत. या प्रवासातली ही खरोखर वाईट बाजू आहे, कारण तिकीट त्याच्याकडेही असते.

फक्त महिलांसाठीची ‘लेडीज स्पेशल’ १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झाली. घरी पोहोचताच स्वयंपाकाला लागायचे असल्याने अनेकजणी गाडीतच भाजी निवडतात. रोज एकाच डब्याने जाणाऱ्यांचे गट बनतात, काही डब्यांत टाळ वाजवत भजने होतात, आणि दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण बांधून पूजा करतात, पेढे वाटतात.

ही सारी सोशिकता कौतुकाची असली, तरी तिच्या आधारावर गर्दी वाढू देणे गैर आहे. दारात लटकणारा प्रत्येकजण हौसेने लटकत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आणि तिची दारे आपोआप मिटतात, पण तिचे भाडे साध्या दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट आहे. साध्या डब्यांना दारे लावली तर आत जीव गुदमरेल, ही जुनी अडचण होती. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने नव्या साध्या गाड्यांना झडपांची स्वयंचलित दारे, छतावरून हवा खेळवणारी यंत्रणा आणि डब्यांमधून ये-जा करण्याची सोय देण्याचे जाहीर केले.