आगीत चिकटवलेल्या लाकडाचे थर सुटतात का?

‘फळ्या चिकटवून केलेली तुळई आगीत धोकादायक, गोंद वितळला की थर सुटून छत खाली येते,’ असा समज बराच फिरतो. तो अगदीच निराधार नाही. पूर्वी सुतार वापरत तो सरस (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) गरम केल्यावर खरोखरच पातळ होई.

ग्लूलॅमच्या, म्हणजे फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या आजच्या तुळयांत मात्र बहुधा फिनॉल-रिसॉर्सिनॉल किंवा मेलामाइनचा गोंद असतो. तो एकदा घट्ट झाला की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. लाकडाबरोबरच कोळसा होतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पृष्ठभाग कोळसतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर. म्हणजे एका तासात प्रत्येक उघड्या बाजूने सुमारे ४२ मिलिमीटर लाकूड जाते, शिवाय त्यामागचा सुमारे ७ मिलिमीटरचा तापलेला थर हिशोबात कमकुवत धरतात. दोन्ही बाजू उघड्या असलेली २०० मिलिमीटर रुंद तुळई घेतली, तर मध्ये जवळपास १०० मिलिमीटर उरते. तेवढ्यावर भार पेलता येतो का, हे अभियंता गणिताने पाहतो.

अपवाद आहेतच. काही पॉलियुरेथेन गोंद उष्णतेने मऊ पडतात, आणि आय-जॉइस्ट, म्हणजे इंग्रजी ‘I’ आकाराच्या लाकडी तुळया, लवकर जळतात, कारण त्यांचा मधला भाग लाकडाच्या कपच्या दाबून केलेल्या पातळ फळीचा असतो. म्हणून खरेदीआधी प्रमाणपत्रात गोंदाचा प्रकार आणि अग्निरोधाची मिनिटे वाचा. जोडाच्या पोलादी पट्ट्या लाकडात झाकलेल्या आहेत ना, हेही विचारा; माझ्या मते खरा कच्चा दुवा तोच.